थेंबांचं पान

१

घड्याळवाले आजोबा बुधवारी दुपारी चारच्या सुमाराला गेले आणि गुरुवारी सकाळी मेट्रनबाईंचा मला फोन आला.

"तुमचं ॲप आहे," त्या म्हणाल्या. "त्यातल्या त्या दिवशीच्या नोंदी मला कागदावर काढून द्या. बाकी काही नको."

'बाकी काही नको' म्हणणारी माणसं मला आयुष्यभर भेटत आली आहेत. त्यांना बाकीचं सगळं आधीच ठाऊक असतं, फक्त त्याला सही-शिक्का हवा असतो. मी चप्पल घातली आणि निघालो.

पस्तीस वर्षं मी प्रोग्रॅमिंग केलं. त्यातली शेवटची सहा या शुश्रूषागृहाच्या ॲपवर गेली. तीन महिन्यांपूर्वी निवृत्त झालो आणि ॲप माझ्या पुतणीच्या हाती सोपवलं. तिला घरात सगळे ठमी म्हणतात. अंगानं काडी आहे, पण लहानपणी गुटगुटीत होती, आणि आमच्याकडे एकदा चिकटलेलं नाव सुटत नाही. निवृत्त झालो म्हणजे काय, तर पगार थांबला. लुडबुड थांबली नव्हती. मंगळवारी संध्याकाळीच तिच्याकडे जेवायला गेलो होतो. तिनं नवं काम दाखवलं, मी नेहमीसारखा त्यावरून हात फिरवला आणि शाबासकी देऊन पोटभर जेवून घरी आलो.

ॲप साधं आहे. शुश्रूषागृहात चोवीस खाटा. पाळीवरच्या नर्सच्या हातात फोन. प्रत्येक रुग्णाचं एक पान, पानावर औषधाचं नाव आणि खाली मोठं बटण, 'दिलं'. ते दाबलं की नोंद होते आणि ॲप आपणहून पुढच्या रुग्णाच्या पानावर जातं. बटण चुकून दाबलं गेलं असेल तर मागे येऊन तेच पुन्हा दाबायचं, नोंद रद्द होते. ज्याचं औषध राहिलं त्याचं नाव यादीत लाल दिसतं. पूर्वी यासाठी जाडजूड वही होती, आणि पाळी बदलताना दोन्ही नर्स खाटेखाटेपाशी उभ्या राहून बोलायच्या. ॲप आल्यावर वही गेली. मग बोलणंही गेलं.

आजोबा पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचे. पक्षाघाताच्या झटक्यानंतर त्यांची वाचा गेली आणि गोळी गिळता येईना, म्हणून हृदयाचं औषध थेंबांनी द्यायचे. सगळ्या इमारतीत थेंबांवर असलेले ते एकटेच. रोज सकाळी नऊला, एकदाच. मूत्रपिंडं अधू होती, आणि डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं की या औषधात चुकीला जागा नाही.

बुधवारी ते दोनदा दिलं गेलं. सकाळी नऊला पाळीवरच्या नर्स माईंनी आणि दुपारी सव्वादोनला पुढच्या पाळीच्या ब्रदरनं, म्हणजे तिथल्या तरुण पुरुष नर्सनं. कारण ब्रदरच्या यादीत आजोबांचं नाव लाल होतं.

मी सकाळच्या नोंदी काढल्या. मेट्रनबाईंनी चष्मा नाकावर ओढला आणि एका ठिकाणी बोट ठेवलं.

९:०४:११ – थेंब दिले – माई.
९:०४:११ – रद्द – माई.

"बघा," त्या म्हणाल्या. "दिले म्हणून नोंदवलं आणि नोंद रद्द केली. हात चुकून लागला असेल, डोकं ठिकाणावर नसेल, मला माहीत नाही. तिनं नोंद पुसली म्हणून त्या पोरानं पुन्हा औषध दिलं. शनिवारी सकाळी नर्सच्या नोंदणीच्या समितीकडे पत्र जाईल."

"समिती काय करेल?"

"नोंदणी काढून घेईल. दुसरं काय करणार? माणूस गेलाय."

नोंदणी गेली की नर्सला कुठल्याही दवाखान्याचं दार उघडत नाही. माईंची बावीस वर्षं झाली होती.

मी कागदाची घडी घालून बाहेर आलो. व्हरांड्यातल्या बाकावर माई बसल्या होत्या, अंगावर घरची साडी. त्यांना पांढऱ्या कपड्यांशिवाय मी पहिल्यांदाच बघत होतो. मला पाहून त्या उठल्या नाहीत.

"काका," त्या म्हणाल्या, "मी ते एकदाच दाबलं."

२

आम्ही नर्सेसच्या कपडे बदलायच्या खोलीत बसलो. लोखंडी कपाटं, एक आरसा, कोपऱ्यात ओली छत्री. माई हातातल्या रुमालाला घड्यांवर घड्या घालत होत्या.

"पहिल्यापासून सांगा," मी म्हटलं. "मला काही कळत नाही असं समजून सांगा."

"पहिल्यापासून काय सांगू? नऊला खोलीत गेले. थेंब मोजले, पाण्यात घातले, चमच्यानं पाजले. तोंड पुसलं. मग बटण दाबलं."

"बटण दाबलं ते नीट लागलं?"

"लागल्याशिवाय पान पुढे जातं का? गेलं की पुढे." त्या थांबल्या. "फारच पुढे गेलं."

"म्हणजे?"

"आजोबांच्या नंतर शेजारच्या खाटेवरच्या आजी येतात, बरोबर? त्या आल्याच नाहीत. एकदम त्यांच्या पलीकडचे पेन्शनर आले. मला वाटलं, काल ते नवीन काहीतरी घातलंय ना ॲपमध्ये, त्यात क्रम बदलला असेल. बोटानं एक पान मागे आले, आजींचं औषध दिलं आणि पुढे गेले."

"आजोबांच्या पानावर परत गेला होतात?"

"कशाला जाईन? त्यांचं झालं होतं."

"असं पान गळणं त्या दिवशी आणखी कुठे झालं?"

त्यांनी डोळे मिटून सगळ्या खाटा ओठांतल्या ओठांत मोजल्या. "नाही. तिथेच."

मी ते लिहून घेतलं. माणूस खोटं बोलायला बसला की असली बिनकामाची गोष्ट रचत नाही. तो स्वतःच्या बाजूचं काहीतरी सांगतो. पान गळल्यानं माईंची बाजू ना भक्कम होत होती ना लंगडी.

"पाळी संपताना यादी बघता ना तुम्ही?"

रुमालाची घडी थांबली. "रोज बघते. दोनला दहा कमी असताना चष्मा लावून बसते, लाल काही राहिलंय का बघते, मग जाते. बुधवारी शाळेतून फोन आला, मुलाला ताप भरलाय, घेऊन जा. पावणेदोनला निघाले मी. ब्रदरला दारातनंच सांगितलं, सगळं झालंय, यादीत आहे."

"सगळं झालंय असं सांगितलंत?"

"सांगितलं. ते माझं चुकलं का बरोबर होतं, आता मला कळेनासं झालंय. यादी बघितली असती तर लाल दिसलं असतं. ते नाही बघितलं मी. त्याची शिक्षा द्या. पण मी नोंद पुसली असं लिहू नका हो. ते मी नाही केलं."

मी काय देणार होतो? माझ्या खिशात तो कागद होता आणि त्यावर त्यांचं नाव दोनदा लिहिलेलं होतं.

बाहेर पडता पडता मी पुन्हा त्या वेळेकडे पाहिलं. नऊ वाजून चार मिनिटं अकरा सेकंद. दिलं तेव्हाही अकरा, रद्द केलं तेव्हाही अकरा. पहिल्यांदा बटण दाबताच पान पुढे गेलं होतं. म्हणजे रद्द करायचं तर मागे येऊन, पुन्हा दाबून, हे सगळं एका सेकंदाच्या आत. माईंना चष्म्याशिवाय फोनवरचा आकडा दिसत नाही.

३

ब्रदर हात धूत होता. मी गेलो तेव्हा धूत होता, माझ्याशी बोलताना त्यानं ते पुसले, आणि पाच मिनिटांनी पुन्हा नळाखाली धरले. वय सव्वीस. इथे येऊन वर्षही झालं नव्हतं.

"माई म्हणाल्या होत्या सगळं झालंय," मी म्हटलं.

"हो. आणि यादीत लाल होतं." त्यानं माझ्याकडे पाहिलं. "काका, आम्हाला पहिल्या दिवशी काय शिकवतात माहितीये? माणूस काय सांगतो ते ऐकायचं, पण यादी काय सांगते तेच करायचं. मला वाटलं, माईंच्या मुलाला बरं नाही, गडबडीत राहिलं असेल. त्यांच्यावर येऊ नये म्हणून मी लगेच जाऊन दिलं. मेट्रनबाईंना सांगितलंसुद्धा नाही."

"माईंना फोन?"

"आजारी पोराला घेऊन धावत गेलेल्या बाईला काय विचारायचं, तुम्ही विसरलात का म्हणून?"

पोरगा मनानं चांगला होता आणि तेच ऐकायला जड जात होतं.

"आजोबांनी घेतलं सहज?"

नळ सुरू झाला.

"तोंड मिटून घेतलं त्यांनी. एरवी कधी करत नाहीत. ओठ घट्ट. चमचा लावला की मान वळवायचे. मी म्हटलं, असं काय करताय आजोबा, सकाळचं राहिलंय तुमचं. हनुवटीला हात लावला, जरा लाडीगोडी लावली. मग उघडलं त्यांनी तोंड." तो थांबला. "माझ्याकडेच बघत होते."

त्या मुलाला धीर द्यावा असं मला फार वाटलं. मी खोकलो आणि कामाचं बोललो.

"बटण दाबल्यावर काय झालं?"

"पुढचं पान. नाही, थांबा. शेजारच्या आजी गाळल्या ॲपनं. पेन्शनरांचं पान आलं."

माझी पेन्सिल थांबली. "नक्की?"

"नक्की. आणि ते नवीन पान छान दिसतंय, हे मी तेव्हाच म्हणणार होतो तुमच्या पुतणीला. अक्षरं मस्त ठळक केलीत. बाकीच्या पानांवर तशी नाहीत."

मी त्याच्याकडून फोन घेतला. थेंबांचं पान उघडलं आणि त्याच्याशेजारी एक गोळीचं पान धरलं. अक्षरं खरंच जाड दिसत होती, आणि औषधाच्या नावामागची फिकट राखाडी पट्टी इथे गडद होती. ठमीला मी ओळखतो. ती एका रंगासाठी दोन दिवस भांडते. सगळ्या पानांवर एकच पट्टी असायला हवी, हा तिचाच हट्ट.

मग मी मेट्रनबाईंच्या खोलीत गेलो आणि दुपारच्या नोंदी काढल्या. त्या त्यांनी मागितल्याच नव्हत्या. औषध दिल्याचं ब्रदरनं आपणहून कबूल केलं होतं, मग कशाला बघायच्या?

२:१६:४० – थेंब दिले – ब्रदर.
२:१६:४० – रद्द – ब्रदर.

मेट्रनबाईंनी कागद माझ्या हातातून घेतला आणि पुन्हा पुन्हा वाचला. "यानं कशाला रद्द केलं?"

"यानंही केलं नाही."

"मग?"

दोन माणसं, दोन वेगळ्या वेळा, एकच चूक, तीही एकाच पानावर. माणसं दोघंही सुटत होती. आता उरला होता फोन. फोनचा माझ्याशी काही संबंध नाही असं मी तीन महिने सगळ्यांना सांगत होतो. फोनमागे माझी पुतणी होती.

४

शुक्रवारी सकाळी ठमीकडे गेलो. तिला आजोबांचं कळलं होतं, पण आपल्या कामाशी त्याचा धागा जुळतो हे माहीत नव्हतं. मी दोन्ही कागद टेबलावर ठेवले. तिनं लॅपटॉप उघडला.

इथे थोडं थांबून सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट याच्यावर उभी आहे. आमचं ॲप पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत आहे. त्यात काम दोन जागी वाटलेलं असतं. पडद्यावर काय कुठे दिसणार, कुठलं बटण केवढं, ते दाबलं की कोणाला हाक मारायची, हे सगळं मांडणीच्या फाइलीत लिहितात. हाक आल्यावर प्रत्यक्ष काय करायचं ते पायथनच्या कोडमध्ये. या दोन्ही फाइली एकमेकींना जोडाव्या लागतात, नाहीतर पडदा कोरा. नवी मांडणी फाइल जोडायच्या दोन रीती आहेत. मुख्य मांडणी फाइलीच्या डोक्यावर एक ओळ लिहायची, 'हीसुद्धा आत घे'. किंवा कोडमध्ये लिहायचं, 'ही फाइल उचल'. कुठलीही एक पुरे. मी जन्मभर पहिली वापरली. ठमी दुसरी वापरते. यावरून आमचं जेवणाच्या टेबलावर भांडणही झालेलं आहे.

"मंगळवारी मी काय केलं सांगते," ती म्हणाली. "पुढच्या आठवड्यात थेंबांवरचे आणखी दोघं येणार होते. म्हणून थेंबांचं पान मोठ्या फाइलीतून काढून वेगळ्या फाइलीत टाकलं. संध्याकाळी तू यायच्या आधी चालवून बघितलं, काका. शंभर वेळा बटण दाबलं. बरोबर चाललं. जेवण झाल्यावर पाठवून दिलं, फोनांनी बुधवारी सकाळी घेतलं."

"आत्ता चालव."

तिनं ॲप सुरू केलं. लॅपटॉपच्या खालच्या काळ्या चौकोनात नेहमीप्रमाणे ओळी धावल्या. त्यात एक पिवळी होती. ती इशारा देत होती की एक फाइल एकापेक्षा जास्त वेळा उचलली गेली आहे, वागणं अनपेक्षित असू शकतं.

"ही कधीपासून येते?"

"पिवळं तर रोजच काहीतरी येतं," ती म्हणाली आणि मग तिचा आवाज बदलला. "ही ओळ नव्हती."

तिनं थेंबांच्या पानावर एकदा बटण दाबलं. दिलं. रद्द. दोन पानं पुढे.

आता मला सगळं दिसत होतं. फाइल दोनदा उचलली गेली की दुसरी प्रत फेकून दिली जात नाही. तेच नियम त्याच पानाला पुन्हा लावले जातात. अक्षरांवर तीच अक्षरं बसतात, म्हणून ती जाड दिसतात. फिकट पट्टीवर फिकट पट्टी पडते, म्हणून ती गडद होते. आणि बटणाला दिलेली हाकही दोनदा चिकटते. बोट एकदा लागतं, हाक दोनदा जाते. पहिल्या हाकेला नोंद होते, दुसरीला तीच नोंद पुसली जाते. पान पहिल्या हाकेला एक पुढे जातं आणि दुसरीला आणखी एक. नोंद पुसलेली कोणाला दिसतच नाही, कारण तोवर पडद्यावर पेन्शनर आलेले असतात.

आम्ही दोन्ही फाइली शेजारी शेजारी उघडल्या. कोडमध्ये ठमीची ओळ होती: थेंबांची फाइल उचल. आणि मुख्य मांडणी फाइलीच्या डोक्यावर: थेंबांची फाइल आत घे.

"मी दोन्हीकडे कशाला लिहीन?" ठमी म्हणाली. "मी वर कधी लिहितच नाही."

कुठली ओळ कोणी, कधी घातली याचा इतिहास राहतो. तिनं तो काढला. वरच्या ओळीपुढे तिचंच नाव होतं. मंगळवार, संध्याकाळी सात चाळीस.

"माझंच नाव आहे," ती हळूच म्हणाली. "माझंच असणार, काका. घाईत लिहिलं असेल. मला आठवत नाहीये."

ती रडली नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवून पडद्याकडे बघत राहिली, लहानपणी काही फोडल्यावर बसायची तशी.

मला मात्र आठवत होतं. सात चाळीसला ठमी स्वयंपाकघरात होती. लॅपटॉपसमोर मी बसलो होतो.

५

मी तिला त्या दिवशी सांगितलं नाही. हे लिहिताना लाज वाटते, पण तसंच झालं. "बघू उद्या," म्हटलं आणि घरी आलो. जेवलो नाही. बायकोनं विचारलं तर पित्त झालंय म्हणालो.

मंगळवारी मी तिचं काम चाळत होतो. नवी फाइल दिसली. ती मुख्य मांडणी फाइलीत जोडलेली दिसली नाही. माझ्या मनात आलं, पोरगी विसरली. उद्या पडदा कोरा दिसेल आणि मेट्रनबाई तिला फाडून खातील. मी ती ओळ लिहिली, बदल नोंदवून टाकला आणि तिला सांगितलंही नाही, कारण आपली चूक काकानं काढली असं तिला वाटू नये. कोडमध्ये बघायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. मी तिथे कधी जोडतच नाही.

लॅपटॉप तिचा, म्हणून नाव तिचं पडलं. मी तोंड उघडलं नसतं तर जगात कोणालाही कळलं नसतं.

शनिवारी नऊला आम्ही दोघं मेट्रनबाईंसमोर बसलो. लिफाफा टेबलावर तयार होता. मी आधी बोलायला लागलो, फाइली, नियम, हाका. त्यांनी हात वर केला.

"समितीत चौघं आहेत. एकालाही यातलं ओ की ठो कळत नाही. मलाही नाही. कागदावर तिनं रद्द केलंय असं दिसतंय. मी काय सांगू त्यांना?"

मी फोन त्यांच्यापुढे ठेवला. हा शुश्रूषागृहातला एक जादा फोन होता, त्यात अजून बुधवारचंच, दुरुस्त न केलेलं ॲप होतं. खोट्या रुग्णाच्या नावानं थेंबांचं पान उघडलेलं होतं.

"तुम्ही दाबा," मी म्हटलं. "एकदाच."

त्यांनी तर्जनी पुढे केली आणि एकदा दाबलं, बोट लगेच उचललं. मी नोंदी उघडून दाखवल्या.

९:१२:०५ – थेंब दिले – मेट्रन.
९:१२:०५ – रद्द – मेट्रन.

त्यांनी स्वतःच्या बोटाकडे पाहिलं. मग त्यांनी लिफाफा उचलला, त्यातलं पत्र बाहेर काढलं आणि खणात ठेवलं.

"मग हे कुणाचं?" त्या म्हणाल्या. "समितीला कोणाचं तरी नाव द्यावं लागेल."

"माझं," ठमी म्हणाली. "ओळीपुढे माझं नाव आहे."

"तिचं नाही," मी म्हणालो. "माझं आहे."

ठमीनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी सात चाळीसचं सगळं सांगितलं. सांगताना मी टेबलाकडे बघत होतो. ती चिडली असती, तर मला बरं वाटलं असतं.

"काका," शेवटी ती म्हणाली, "एक हाक मारायचीस ना. मी पलीकडच्या खोलीत होते."

६

समितीला माझं नाव गेलं. माझी काढून घेण्यासारखी कुठली नोंदणी नाही, त्यामुळे त्यांना माझं काय करावं कळलं नाही. अजून पत्रं येतात, मी उत्तरं देतो. ती ओळ पुसायला एक सेकंदही लागला नव्हता.

माईंना परत बोलावलं. त्या येऊन कपाट रिकामं करून गेल्या. "तुम्ही माझं नाव सोडवलंत, काका," त्या मला म्हणाल्या. "पण यादी मी बघितली नाही, ती नाहीच ना बघितली. आता कुणाच्या तोंडाला चमचा लावायला हात उचलत नाही." तपास पुरा झाला होता आणि त्याचा कोणालाही काही उपयोग झाला नव्हता.

ब्रदर अजून तिथेच आहे. हात धुतो.

राहता राहिल्या आजोबांच्या पत्नी. त्या दुसऱ्या आठवड्यात त्यांचं सामान न्यायला आल्या. एक पिशवी कपडे, चपला, आणि डोळ्याला लावून घड्याळाच्या पोटात बघायचं ते छोटं काळं भिंग. मेट्रनबाईंनी त्यांना 'ॲपमध्ये बिघाड' एवढंच सांगितलं होतं. मी त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसलो.

"आजी, चूक माझी आहे."

त्यांनी मला नीट न्याहाळलं. "तुम्ही होतात का त्या दिवशी इथे?"

"नव्हतो. मी आदल्या संध्याकाळी एक ओळ लिहिली. माझ्या पुतणीला एक गोष्ट जोडायची होती. मला वाटलं, ती विसरली. ती पलीकडच्या खोलीत होती, म्हणून मी जोडली. पण ती विसरली नव्हती, तिनं आधीच जोडली होती. ती दोनदा जोडली गेली, म्हणून माईंनी सकाळी दिलेल्या औषधाची नोंद आपोआप पुसली गेली. दुपारी माई घरी गेल्या होत्या, आणि ब्रदरनं ते पुन्हा दिलं."

त्या ऐकत होत्या. भिंग एका हातातून दुसऱ्या हातात घेत होत्या.

"आणि त्या मुलाला वाटलं, माई विसरल्या," त्या म्हणाल्या.

"हो."

"त्या विसरल्या नव्हत्या."

"नाही."

"म्हणजे सगळ्यांनी काळजीच घेतली त्यांची."

मला मान वर करवेना.

"तुम्ही तिला विचारलं नाहीत," आजी म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. त्या हिशेब लावत होत्या, उशिरा समजलेली गोष्ट माणूस स्वतःशी लावतो तसा. "त्या मुलानं माईंना विचारलं नाही. बरं, ती माणसं समोर नव्हती, कोणी पलीकडच्या खोलीत, कोणी घरी. पण हे तर समोरच होते ना."

"त्यांना बोलता येत नव्हतं, आजी."

"बोलता येत नव्हतं," त्या म्हणाल्या. "मान हलवता येत होती. मी रोज विचारायचे, जेवलात का, आणि ते सांगायचे."

त्यांनी भिंग रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवलं आणि उठल्या. मी पिशवी घ्यायला हात पुढे केला, आणि मग थांबून विचारलं, "घेऊ का मी?"

त्यांनी मानेनंच नाही म्हटलं आणि पिशवी घेऊन एकट्या फाटकाकडे चालत गेल्या.